ओठांच्या आधी

"चित्र थोडं खराब चालतं साहेब, आवाज खराब चालत नाही," दुकानदार म्हणाला. "महागड्या कॅमेऱ्याचा नाद सोडा. तुमचा फोन पुरे. एक स्टँड घ्या, एक दिवा घ्या आणि बाकीचं सगळं माइकला घाला."

सल्ला शहाणपणाचा होता. मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. बातमी कापणं मला जमतं, व्हिडिओतलं ओ की ठो कळत नाही. सर्वांत स्वस्त स्टँड घेतला, तो फोन लावताच मान टाकायचा. कपड्याला लावायचा बिनतारी माइकही घेतला.

गरज ताईची होती. घराच्या पुढच्या खोलीत ती वर्षानुवर्षं शिवणाचे वर्ग घ्यायची. घशात गाठ निघाली आणि सोमवारी तिचं स्वरयंत्र काढायचं ठरलं. त्याआधी तिला सगळे धडे चित्रित करून ठेवायचे होते.

"कापड कापून कुणीही दाखवेल," ती म्हणाली. "चुकलं की ओरडायला मी नसणार ना!"

पहिला धडा खिशाचा. चित्रण करताना सगळं ठीक वाटलं. मग फोनवर पाहिलं तर ताईचा आवाज आधी येत होता आणि ओठ नंतर हलत होते.

मी तणतणत दुकानात गेलो. दुकानदाराने क्लिप पाहिली, पुन्हा पाहिली.

"बिनतारी माइकचा आवाज मागे पडतो, साहेब. पुढे कसा जाईल?"

"ते तुम्ही सांगायचं."

त्याने वायरचा माइक दिला. तरी तेच. फोन बदलला. मग सहकाऱ्याचा जुना कॅमेरा मागून आणला. तरी तेच. दुकानदाराने युक्ती सांगितली होती, सुरुवातीला टाळी वाजवा आणि टाळीचं चित्र नि टाळीचा आवाज जुळवा. टाळी आपसूकच जुळलेली होती. कात्रीचा करकर आवाज बरोबर पात्यांवर होता. फक्त ताईचा आवाज पुढे होता. तो मागे ओढला की कात्री चुकायची.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ताई म्हणाली. "संपादकसाहेब, अग्रलेखच लिहा तुम्ही."

"तू गप्प बस जरा."

बोलून गेलो. ती हसली. मला मात्र दिवसभर काही सुधरलं नाही.

बाहीच्या धड्याला पहिली काही वाक्यंच गायब होती. शेवटी ताई तोंड मिटून शिलाई दाबत होती, आणि तिचा आवाज म्हणत होता, "दिवा बंद कर रे, डोळे दुखले." हे ती म्हणाली होती खरी, पण मी कॅमेरा बंद केल्यावर, हात धुताना.

मी ते तिला सांगितलं नाही. कामाला तारीख होती, आणि तारीख असली की मी कारणं शोधत बसत नाही, वाट काढतो. कॅमेरा लवकर सुरू करायचा. रिकामी खुर्ची चित्रित होऊ द्यायची, ताईने नंतर येऊन बसायचं. मग रिकाम्या खुर्चीवर अख्खा धडा ऐकू यायचा, स्पष्ट, खणखणीत. चित्र आणि आवाज वेगळे काढून मी ते जोडायचो. कात्री चुकली तर चुकली.

पण दर धड्याला खुर्ची आणखी जास्त वेळ रिकामी ठेवावी लागत होती.

कॉलरचा धडा तिने शेवटी ठेवला होता. कॉलर म्हणजे तिची खासियत. रविवारी ती नेहमीपेक्षा हळू बोलली, मध्येमध्ये घसा धरून, पण एकही पायरी तिने सोडली नाही. लगेच इस्पितळात दाखल व्हायचं होतं. क्लिप तपासायला वेळ मिळाला नाही.

शस्त्रक्रिया झाली. ताई पांढऱ्या पट्टीत गळा गुंडाळून पडून होती. दुपारी ती झोपली म्हणून मी खाटेशेजारी बसून कानात इअरफोन घातले आणि कॉलरची क्लिप लावली.

रिकामी खुर्ची. माझी टाळी. मग ताई येऊन बसली.

तिने कापड उलगडलं. ओठ हलू लागले. आवाज नाही.

कात्री चालली. इस्त्री टेकली. ती थांबून घसा धरायची, पुन्हा बोलायची. एक शब्द नाही. सगळा धडा हातचा गेला होता. मला रडू नाही, संताप आला. स्टँडवर, माइकवर, माझ्यावर.

मी फोनवर क्लिपखालची पट्टी पुढे सरकवली. शेवटाजवळ ताई तयार कॉलर कॅमेऱ्यापुढे धरून होती.

कानात तिचा आवाज आला. स्वच्छ.

"दुखत नाही रे. उशी जरा वर घे."

मी मान वर केली.

ताई जागी होती. तिचा हात उशीपाशी होता. ती माझ्याकडे बघून बोलत होती, आवाजाशिवाय.

"आणि असं तोंड नको करूस," कानात आवाज म्हणाला.

समोर तिचे ओठ त्याच शब्दांवर हलले. अचूक. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जुळले होते.

"ऐकू येतंय ना तुला? मग एक सांगते, नीट..."

माझा अंगठा पडद्यावर आपटला. क्लिप थांबली.

ताईचे ओठही थांबले, अर्धवट उघडे. डोळे मात्र माझ्यावरच होते, वाट बघत.

मी फोनवरच्या पट्टीकडे पाहिलं. क्लिप संपायला नखाएवढी उरली होती.