डावीकडची खुर्ची

पटणार नाही, माहीत आहे. पण इंग्लंडातल्या लँकेशायरमधल्या आमच्या गिरणीगावात त्या दिवशी जे हजर होते, त्यांनी मरेपर्यंत हे असंच सांगितलं.

साल १८८४. नोव्हेंबरातला शनिवार, दुपारचे तीन.

नगरसभागृहात गिरणीच्या गायकवृंदाचं गाणं होतं. ऐकायला राजघराण्यातली एक वृद्ध राजकुमारी आली होती.

सेलिना वृंदाच्या दुसऱ्या रांगेत उभी होती. तिच्या डावीकडची खुर्ची रिकामी. खुर्चीवर फक्त गाण्याची वही.

वृंदातलं कुणी गेलं, की वर्षभर त्याची जागा अशीच ठेवायची आमची रीत.

वही टॅबीची होती. सेलिनाच्या धाकट्या बहिणीची.

तीन आठवड्यांपूर्वी टॅबी तापाने फणफणली होती. आवाज पार बसलेला. सेलिना तालमीला निघाली, तेव्हा टॅबीने नुसते ओठ हलवले. मागांच्या खडखडाटात आम्ही बायका असंच बोलतो. ओठ वाचतो.

"लवकर ये."

सेलिनाने मान डोलावली.

पण तालमीतून मधेच उठेल तिला राजकुमारीसमोर उभं करणार नाही, असं वृंदाच्या ऑर्मरॉड मास्तरांनी बजावलं होतं. ती शेवटपर्यंत थांबली.

घरी आली तेव्हा दिवा जळत होता... आणि टॅबी गार पडली होती.

"मी निघाले तेव्हा झोपली होती ती," सेलिनाने सगळ्यांना सांगितलं.

तेव्हापासून ती रडली नव्हती. सूत संपलेल्या मागासारखी नुसती उभी असायची.

"राजकुमारी ठार बहिरी आहे म्हणे," उजवीकडून नॅन पुटपुटली. "म्हणजे आपलं गाणं आवडणारच गं तिला."

सेलिना हसली नाही.

गाणं सुरू झालं.

आणि डावीकडे... पान उलटल्याचा आवाज आला.

तिने वळून पाहिलं नाही.

थोड्या वेळाने पुन्हा... नेमकं जिथे उलटायला हवं, तिथेच.

समोर राजकुमारी टक लावून दुसऱ्या रांगेकडे बघत होती.

गाणं संपल्यावर ती मास्तरांबरोबर थेट सेलिनापाशी आली.

"मला ऐकू येत नाही, मुली. मी ओठ बघते. छान गायलीस."

"आभारी आहे, बाईसाहेब."

"पण तुझ्या डावीकडची पोरगी गात नव्हती. तुझ्याकडे वळून सारखं एकच बोलत होती."

"बाईसाहेब, ती जागा तर रिकामी..." मास्तर घाईने म्हणाले. राजकुमारीचं त्यांच्या ओठांकडे लक्ष नव्हतं.

"काय बोलत होती?" सेलिनाने विचारलं. आवाज फुटलाच नाही. नुसते ओठ हलले.

"लवकर ये."

खुर्चीवरची वही उघडी होती... शेवटच्या पानावर.

सेलिना तेव्हाही रडली नाही. पुन्हा गायलीही नाही. गिरणीत मात्र वीस वर्षं येत राहिली, कुणाचे ओठ दिसू नयेत अशी मान खाली घालून. रोज सकाळी माग सुरू व्हायच्या आधी नॅनला एवढंच विचारायची,

"माझ्या डावीकडे कुणी उभं आहे का गं?"

"कुणी नाही, बाई."

"बरं."

पण मान काही वर व्हायची नाही.