न वितळलेली तार

सन १९३८. अमरावतीत फुलांचे हार विकणारी वच्छलाबाई तपासनीस खुशालरावांकडे आली, तेव्हा तिचं कपाळ मोकळं होतं. वीस दिवसांपूर्वी भर दुपारी घर पेटलं आणि आत झोपलेला तिचा दमेकरी नवरा सहदेव गेला.

"वायरमन इनायतुल्लानं बारीक तार टाकली, म्हणून माह्यं घर जळलं. कोठडीत आहे, पण कबूल नाही करून राहिला. तुमी शाबीत करून द्या, भाऊ."

खुशालरावांसोबत त्यांचे मित्र शेषराव इनायतुल्लाला शिव्या घालतच कोठडीपर्यंत गेले.

"तार बारीकच आहे साब, दोन दिव्यांपुरती," इनायतुल्ला रडवेला झाला. "सहदेवभाऊनं तिच्यावर बिजलीची शेगडी लावली. मी नको म्हटलं. त्या शेगडीपायीच फ्यूज रोज उडे. फ्यूजमधी एकेरी तार घाला, हे मीच त्याले शिकवलं."

जळक्या घरात भिंतीवरची तार खाक झाली होती. फ्यूजमधली मात्र शाबूत होती. खुशालरावांनी तिच्यावर भिंग धरलं. तीन तारा, एकसारख्या पिळलेल्या.

वच्छलाबाई दिराच्या ओसरीत बसून हारांसाठी मांडीवर तीन पदरी दोरा वळत होती.

"फ्यूज कोण बदलवे?" खुशालरावांनी विचारलं.

"थेच. दम लागे त्याईले, तरी स्टुलावर चढत. शेवटले चार दिवस तर उडालाच नाही."

खुशालरावांनी तिच्या मांडीवरच्या दोऱ्याचे पदर मोजले.

"सांगा ना, कोणी केलं?" शेषराव म्हणाले.

"बारीक तार विजेला जास्त अडवते. शेगडीनं जास्त वीज ओढली की फ्यूजची तार तापून वितळते आणि घर वाचतं. तीन तारा पिळल्या की अडथळा तिसरा हिस्सा उरतो. ती वितळत नाही, मग भिंतीवरची तापते. इनायतुल्ला हे जाणतो. सहदेवभाऊ रोज एकेरीच घालत. आगीच्या चार दिवस आधी ही पिळलेली तिसऱ्याच कोणी घातली. ज्याच्या हाताला तीन पदर वळायची सवय आहे, त्यानं."

वच्छलाबाईचा हात थांबला. "थे धापा टाकत, भाऊ. मले वाटलं, मजबूत केली तं तुटणार नाही. एकेरी असती तं?"

"नुसता दिवा गेला असता, बाई."

हे कळलं नसतं तर बरं, असं शेषरावांना मनापासून वाटलं.

ती खूप रडली. मग पदरानं तोंड पुसून उठली.

"चाला, ठाण्यात सांगतो मी. इनायतुल्लाची बायको रोज डबा घेऊन तिथं बसते. काल मी तिच्यासमोर थुकली."