फळ्यावरचा बिल्ला

अग्निशमन दलाचं मासिक कुठे वाचायला मिळेल, असं कोणाला विचारून बघा. लोक आधी हसतात आणि मग म्हणतात, "असं मासिक असतं?" असतं. जाड कागदावर, आगींच्या फोटोंसकट निघायचं. सार्वजनिक वाचनालयाने जुने अंक जागा नाही म्हणून रद्दीत घातले होते. विद्यापीठात यादीत नाव होतं, कपाटात अंक नव्हते. मुख्यालयातल्या साहेबांनी माझ्या अर्जांना केराची टोपली दाखवली आणि शेवटी कळवलं, की हे मासिक फक्त खात्यातल्या माणसांसाठी आहे.

माझा दादा खात्यातलाच होता. तागाच्या गोदामाच्या आगीत गेला.

त्यांच्यात एक शिस्त आहे. धुरात शिरणारा जवान आपला पितळी बिल्ला दाराशी फळ्यावर अडकवतो आणि बाहेर आला की स्वतःच्या हाताने काढतो. बिल्ला लटकतोय तोवर माणूस आत आहे, त्याला शोधायला जायचं. चौकशी अहवालात लिहिलं होतं, की दादा बिल्ला न लावताच आत घुसला. म्हणून त्याला शोधायला कोणी गेलं नाही, आणि म्हणून त्याच्या अग्निशमन केंद्राच्या दारातल्या स्मारकाच्या दगडावर इतरांची नावं आहेत, त्याचं नाही. आई म्हणते, "शेजारी साखर आणायला गेला तरी सांगून जायचा गं तो." ती अजून त्या रस्त्याने जात नाही.

अहवालात त्या आगीच्या वेळच्या फळ्याचा एक फोटो होता, अर्धा कापलेला. खाली बारीक अक्षरात 'मासिकातून साभार'. मला उरलेला अर्धा हवा होता.

अखेर दलाच्या प्रशिक्षण केंद्राचं छोटं ग्रंथालय सापडलं. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. अर्जावर 'संशोधन' लिहिलं, विषय 'बंदिस्त जागेतील धूर'. खोटं काहीच नव्हतं त्यात.

ग्रंथपाल म्हणजे दलातूनच निवृत्त झालेले एक काका होते. अदबशीर, हळू बोलणारे. किल्ल्यांच्या जुडग्यात त्यांनी नोकरीतला स्वतःचा बिल्ला ठेवला होता, घासून लख्ख केलेला. अंक तळघरात होते आणि तळघराच्या दाराशी चक्क एक फळा होता, बिल्ले अडकवायच्या आकड्यांसकट.

"आत जाताना हा अडकवा, ताई," त्यांनी माझ्या हातात एक कोरा बिल्ला दिला. "जुनी शिस्त. माझ्याच्याने सुटत नाही."

मी अडकवला. तोंड कडू झालं, पण अडकवला.

आत दमट कागदाचा वास होता. मांडण्यांमधून पुढे जावं तसा त्याला जळक्या तागाचा वास येऊ लागला. बांधलेल्या खंडांवरची सालं वाचत मी शेवटच्या मांडणीपाशी पोचले आणि मागे कुठेतरी बारीक शिट्टी वाजली. एकसुरी, न थांबणारी. पाठीवरच्या टाकीतली हवा संपत आली की अशी वाजते. दादाने एकदा घरी वाजवून दाखवली होती, तेव्हा आईने कान झाकले होते. मी स्वतःला म्हटलं, जुना पंखा असेल. तिथे पंखा नव्हता.

खंड सापडला. फोटोही. फळ्याशेजारी पाठमोरा उभा असलेला जवान आणि फळ्यावर, कापलेल्या अर्ध्यात, एक बिल्ला. त्याच्या कोपऱ्यात खिळ्याने कोरलेला पतंग. तो मीच कोरला होता, लहानपणी, आणि दादाने मला त्याबद्दल बदडलं होतं. मी खाली बसून रडले. रागाने रडले.

तेवढ्यात दिवे गेले. दाराला कुलूप लागल्याचा आवाज आला.

"काका! मी आत आहे!"

 चाचपडत दारापाशी आले आणि मुठी आपटल्या. मी थांबले की मागून, शेवटच्या मांडणीकडून, तसेच ठोके यायचे. शिट्टीही आता जवळ आली होती. घशात धूर चढत होता.

"दादा...?"

शिट्टी थांबली. दाराबाहेर खण्ण असा आवाज झाला. मग जिन्यावर पावलं, किल्ल्या, उजेड. दारात काका पांढरेफटक उभे होते.

"तुमचा बिल्ला मीच काढला," ते म्हणाले. "हाक मारली, ओ आली नाही. म्हटलं, गेल्या असतील. बंद करताना फळा मोकळा करायचा, ही सवय... वर पोचलो तर खाली वाजलं काहीतरी."

फळ्यावर एक बिल्ला लटकत होता. काळवंडलेला, एक कड वाकलेली, कोपऱ्यात पतंग.

काकांनी तो पाहिला. "हा... हा तर मी आगीत टाकला होता..."

माझ्या हातातला खंड जड झाला. तो पाठमोरा जवान कोण, हे आता विचारायची गरज नव्हती.

"मोजण्यात चूक झाली गं पोरी. सगळे बाहेर आले असं समजून फळा मोकळा केला. नंतर कळलं... साहेब म्हणाले, त्याने लावलाच नव्हता म्हण."

"आणि आत कोणाला पाठवलं नाहीत?"

"पाठवलं असतं तर चूक उघडी पडली असती."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, की मला थोबाडीत मारायचंही सुचलं नाही. खंड काखेत मारून मी जिना चढू लागले. मागे पुन्हा खण्ण वाजलं. वळून पाहिलं तर दादाच्या बिल्ल्याशेजारी दुसरा लटकत होता, घासून लख्ख केलेला. काका किल्ल्यांचं जुडगं पुन्हापुन्हा चाचपत होते. दाराआड शिट्टी सुरू झाली होती.

"ताई... तो काढा ना. माझा हात पोचत नाहीये... मी बाहेरच आहे, सांगा ना त्याला..."

"दुसऱ्याचा बिल्ला काढायचा नसतो, काका," मी म्हटलं, आणि वर आले.

फोटो मी साहेबांपुढे ठेवला. ते म्हणाले, बघू. दगडावर अजून नाव नाही. काकांचाही पत्ता नाही. तळघर झाडून शोधलं म्हणे, आत कोणीच नव्हतं.

परवा मासिक परत करायला गेले होते. दादाचा बिल्ला फळ्यावर नव्हता. ज्याचा त्याने काढून नेला असणार. काकांचा मात्र तिथेच आहे. मी बोट लावून पाहिलं. चटका बसला.