चारशे त्रेचाळीस मीटर

फरशीतले हिरवे दिवे शालन खोतांच्या पावलांबरोबर पुढे सरकत होते. सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं, अंतर फरशीच मोजणार. शालनताई शाळेत कबड्डी शिकवायच्या. शिट्टी वाजल्यावर हळू चालणं त्यांना माहीतच नव्हतं. ओठ निळे पडले तरी त्या थांबल्या नाहीत.

"ताई, जरा दमानं!" प्रयोगशाळेतली नजमा मुजावर काचेपलीकडून ओरडली.

चारशे त्रेचाळीस मीटर. शालनताई भिंतीला टेकून धापा टाकत हसल्या. "बघितलंस? अजून दम हाय माझ्यात."

आकडा ऐकताच नजमा धावत काचेबाहेर आली. नवं औषध चारशे चाळीसच्या आत चालणाऱ्यांनाच मिळणार होतं.

त्या औषधाची चाचणी घेणाऱ्या डॉ. कार्लेकरांनी पडद्यावरचा आकडा पाहिला. "तुम्ही पुरेशा आजारी नाही. या चाचणीत घेता येणार नाही."

"सर, यांच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड होत चालल्यात. त्यांतून रक्त ढकलून हृदयाची उजवी बाजू थकलीय. तीन मीटरनं काय बदललं?"

"नियम आहे, नजमा. तीन महिन्यांनी पुन्हा चालवू. तोवर अंतर आपोआप कमी होईल."

बसची पुढची वेळ सांगावी तसं ते बोलले. नजमाचं डोकं सणकलं. गेल्या वर्षी असेच तिघं परत पाठवले होते. त्यांतले दोघं पुन्हा चालायला आलेच नाहीत.

ती तरातरा आत गेली आणि एक काचपट्टी आणून तिनं टेबलावर ठेवली. पट्टीत केसाएवढी रक्तवाहिनी होती. शालनताईंच्याच पेशींपासून नजमानं सहा आठवडे खपून ती वाढवली होती. अशा वाहिनीला इथं सगळे 'प्रतिवाहिनी' म्हणत.

"ही यांच्यासारखीच जाड झाली होती, सर. तुमचं नवं औषध दिलं आणि नवव्या दिवशी मोकळी झाली. ही बरी होणार आणि या घरी जाऊन मरणार? लाज कशी वाटत नाही आपल्याला?"

"प्रयोगशाळेचे नियम वेगळे असतात," कार्लेकर म्हणाले. आवाज मात्र खाली आला होता.

शालनताई काचपट्टीवर वाकल्या. त्यांची धाप अजून बसली नव्हती. आतून लाल रक्त सरळ, विनाअडथळा वाहत होतं.

"ही माझीच ना गं?"

"तुमचीच, ताई."

त्यांनी मान वर करून डॉक्टरांकडे पाहिलं. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"मग औषध द्यायच्या आधी हिला किती चालवलंत?"