तिसऱ्या पाळीची गोधडी

२०१९ सालची गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती, भोसरीत पहाटे अजून स्वेटर लागत होता, आणि मी त्रेसष्ट वर्षांची होते. वय आधीच सांगून टाकते. प्रेमाची गोष्ट म्हटलं की तुम्ही मुलं लगेच वीस-बावीसची नायिका डोळ्यांसमोर आणता. ती इथे नाही. इथे मी आहे.

एमआयडीसीतल्या एका बंद शेडमध्ये उत्कर्षा नावाच्या मुलीने गोधडी मांडली होती. मुलगी चित्रकला शिकलेली, डोक्यात सतत काहीतरी नवीन. घराघरांतून कामगारांचे जुने युनिफॉर्म गोळा करायचे, ज्याला वाटेल त्याने संध्याकाळी येऊन चार टाके घालायचे, आणि गोधडी पूर्ण झाली की एका रात्री ती शेडच्या छताला टांगायची. खाली गाणी, चहा, गप्पा. कार्यक्रम सुरू व्हायचा तो दुसरी पाळी सुटल्यावर. "पाळीवरच्या माणसांना एरवी कुठला कार्यक्रम बघायला मिळतो, आजी?" ती म्हणायची. कार्यक्रमाचं नावच तिने ठेवलं होतं 'तिसरी पाळी'.

मी तिथे गेले ती आमच्या ह्यांचा खाकी शर्ट द्यायला. ते जाऊन खूप वर्षं झाली होती. शर्ट ट्रंकेत पडून होता. बरोबर माझी जाऊ सोजरबाई. शर्ट दिला की लगेच निघायचं, असं ठरवून आम्ही चपला दारातच काढल्या होत्या.

गोधडी केवढी म्हणाल, तर आमच्या घराच्या गच्चीएवढी. आत जुन्या साड्यांचे थर, वर निळे, खाकी, राखाडी तुकडे. कुठे खिसा तसाच ठेवलेला, कुठे न गेलेला तेलाचा डाग. चारी बाजूंनी माणसं बसलेली, तोंडं मध्याकडे. आमच्याकडे गोधडी अशीच शिवतात, कडेपासून सुरुवात करून आत आत सरकायचं.

मी वळणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ताई, जरा सुई ओवून देता का? चष्मा घरी राहिला."

वळून पाहिलं. उंच, सावळा माणूस, केस पांढरे पण दाट. एवढ्याशा सुईपुढे पार हरल्यासारखा चेहरा करून बसलेला. मी खाली बसले. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, ओवलं, सुई परत दिली. मग त्यांनी घातलेले टाके पाहिले, आणि मला राहवलं नाही.

"हे टाके आहेत की रेल्वेचे रूळ?"

"ताडपत्रीचे टाके आहेत," ते हसले. "कंपनीत माल झाकायच्या ताडपत्र्या शिवायचो मी. तिथे बारीक टाक्याला कोण विचारतं?"

"इथे मी विचारते. सरका."

त्या दिवशी आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती.

मग मी रोज जाऊ लागले. माझी जागा ठरली आणि त्यांचीही - बरोबर समोरासमोर, मध्ये अख्खी गोधडी. इतक्या लांबून बोलता यायचं नाही. नुसतं बघता यायचं. ते सुई उंच धरून माझ्याकडे बघायचे, मी उठून जायचे, ओवून द्यायचे. चष्मा रोज घरी राहायचा.

"गळ्यात अडकवायला दोरी बांधून ठेवा त्याला," मी म्हणायचे.

"ठेवली होती. दोरीच घरी विसरलो."

त्यांचं नाव विलास ओव्हाळ. बायको जाऊन काही वर्षं झालेली, राहायला दिघीला, एकटे. चार-सहा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की त्यांनी मला 'ताई' म्हणायचं सोडून दिलंय. दुसरंही काही म्हणत नव्हते. नुसतं "अहो..." म्हणायचे, आणि थांबायचे. त्या थांबण्यात काय असायचं कोण जाणे, पण घरी येऊन भाकरी थापताना ते मला आठवायचं, आणि तव्यावरची करपायची.

सोजरबाईच्या नजरेतून काय सुटणार?

"शालन, आडनाव इचारलंस का त्याचं?"

"विचारलं. ओव्हाळ."

"मंग?"

"मग काय... टाके लांब घालतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "गावात लोक काय म्हनतील, ठावं हाय न्हवं?"

ठाऊक होतं. भोसरी गावठाणात जन्म गेला माझा, मला ठाऊक नसणार तर कुणाला? पण खरी अडचण लोकांची नव्हतीच. माझा मुलगा जयदीप बंगळुरूला बदलून चालला होता आणि मला बरोबर नेणार होता. राहती जागा भाड्याने द्यायची ठरली होती. रविवारची तिकिटं आली होती, आणि कार्यक्रम शनिवारी रात्री. "आई, इथे एकटी राहून काय करणार तू?" तो विचारायचा. राहायचं तर होतं. पण कुणीतरी राहा म्हणावं, असंही वाटत होतं. ह्या वयात हे कुणाला सांगायचं?

विलासरावांना मी तिकिटांचं सांगितलं. ते कितीतरी वेळ दोरा बोटाला गुंडाळत राहिले.

"बंगळुरूला हवा चांगली असते म्हणतात," शेवटी म्हणाले.

एवढंच! मला इतका राग आला की मी त्या दिवशी सुई ओवून दिलीच नाही.

गोधडी मात्र आत आत येत होती. गंमत अशी की मध्य जवळ येतो तशी बसायला जागा कमी पडते. आधी चाळीस माणसं, मग वीस, मग आठ. एकेक जण उठून मागे सरायचा. विलासराव रोज हातभर जवळ यायचे. आता त्यांच्या शर्टाला येणारा धुण्याच्या साबणाचा वास मला कळायला लागला होता. आता ते हळू बोलले तरी मला ऐकू यायचं.

शनिवारची रात्र आली. पाळी सुटली, बस रिकाम्या झाल्या आणि माणसं थेट शेडमध्ये आली, अंगावर युनिफॉर्म, हातात डबे. चहाची मोठी पातेली चढली. दिव्यांच्या माळा लागल्या. कोपऱ्यात बायकांनी ढोलकीवर गाणी धरली, आणि एकेकाळी यंत्रांचा आवाज ज्या भिंतींनी ऐकला, त्या भिंती आता त्या गाण्यांनी भरून गेल्या. सगळं धुक्यातून दिसावं तसं दिसत होतं... की माझेच डोळे भरले होते?

मध्यावर हातभर जागा उरली होती. तिथे दोनच माणसं बसू शकत होती. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलं नाही. बाकीचे उठले आणि आम्ही दोघं उरलो, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ.

"चष्मा?" मी विचारलं.

"घरी."

मी सुई ओवून दिली. शेवटचीच म्हणून, दोरा जरा लांब घेतला.

गोधडी उपाशी ठेवायची नाही, ही आमच्याकडची रीत. शेवटचे टाके घालायच्या आधी आत भाकरीचा एक तुकडा सारतात. सोजरबाईने तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणली होती. मी पुढे वाकून तुकडा आत सारला, बोटाने दाबून धरला. विलासराव भराभर शिवत गेले, ताडपत्रीवर शिवायचे तसे जोर लावून. गाठ मारली. दोरा तोडला.

"झाली!" उत्कर्षा माईकवर ओरडली. "आजी, आजोबा, उठा आता! वर घ्यायची!"

चार कोपऱ्यांना साखळ्या लावलेल्या, माणसं ओढायला तयार. टाळ्या पडल्या. मी उठायला गेले - आणि पुन्हा खाली बसले. खांद्यावर ओढ बसली होती.

"काय झालं?" विलासराव कुजबुजले.

"पदर... तुम्ही माझा पदर शिवलात."

त्यांनी हाताने चाचपलं. भाकरीबरोबर माझ्या मोरपंखी साडीचा पदर आत गेला होता, पक्क्या ताडपत्रीच्या टाक्यांनी. त्यांचा चेहरा असा उतरला की मला हसू यायला लागलं. "थांबा, उसवतो," म्हणाले, शर्टाच्या खिशात हात घातला, आणि घाईघाईत डोळ्यांवर चढवला... चष्मा.

मी बघतच राहिले. ते चष्म्यामागून माझ्याकडे बघत राहिले.

"घरी होता ना?"

त्यांनी मान खाली घातली.

"रोज खिशात होता?"

"...रोज."

"मग कशाला मला उठवत होतात? गुडघे दुखतात माझे!"

"ओवताना तुम्ही दोरा ओठांत धरता," ते अगदी हळू म्हणाले. "आणि एक डोळा मिटता. ते बघायला."

ढोलकी थांबली होती. शेडमधली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. दारात जयदीप उभा होता, मला न्यायला आलेला. मला मात्र फक्त ते चष्म्यामागचे दोन डोळे दिसत होते.

"उसवू का?" त्यांनी विचारलं. सुईचं टोक टाक्यावर टेकवलं होतं, पण हात हलत नव्हता. "उसवलं तर तुम्ही उद्या जाल."

"बंगळुरूची हवा चांगली आहे म्हणतात."

"अहो, मूर्खासारखं बोललो मी त्या दिवशी. माझा काय हक्क, म्हणून गप्प बसलो. शालन... जाऊ नका."

पहिल्यांदाच त्यांनी मला नावाने हाक मारली. तीही सगळ्यांसमोर.

मी मान वळवली. "उत्कर्षा, कात्री आण गं."

तिने आणली. मी स्वतःच्या हाताने पदराचं टोक कापलं आणि गोधडीतच राहू दिलं. सोजरबाई ओरडली, "आगं, चांगलं लुगडं!" मी उठले, कापलेला पदर खांद्यावर घेतला, आणि दाराकडे बघून म्हणाले, "जयदीप, माझं तिकीट रद्द कर बाळा."

साखळ्या खणखणल्या. गोधडी हळूहळू वर गेली. शेकडो माणसांच्या अंगावरचे कपडे आमच्या डोक्यावर आभाळासारखे पसरले, आणि बरोबर मध्यभागी, सगळ्या खाकी-निळ्यात, मोरपंखी रंगाचं एवढंसं टोक लोंबत राहिलं.

जयदीप सहा महिने माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. मग एका रविवारी त्याने फोन केला आणि म्हणाला, "काकांना दे." काय बोलले दोघं, मला अजून सांगितलेलं नाही. त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही नोंदणी लग्न केलं. गावात चार घरांनी बोलावणं बंद केलं, त्यातलं एक सोजरबाईचं. पण पुढे लॉकडाऊनमध्ये विलासरावांना ताप भरला, तेव्हा दाराबाहेर डबा ठेवून लांबूनच ओरडणारी तीच होती - "भावजी, गरम हाय तवर खावा!" ती आता नाही. ती गेली त्या पावसाळ्यात मी एकही भाकरी नीट थापू शकले नाही.

उत्कर्षा नाशिकला असते, तिथे मुलांना शिकवते. शेड पाडली तेव्हा तिने गोधडी कापून ज्यांनी ज्यांनी टाके घातले त्यांना तुकडे वाटले. चाकणपासून राजगुरुनगरापर्यंत कुणाकुणाच्या घरी ते अंथरलेले असतील. मधला तुकडा दिघीला, आमच्या पलंगावर आहे.

गेल्या वर्षी विलासरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, आता चष्म्याशिवायसुद्धा सुई ओवता येईल तुम्हाला."

"बाई," ते म्हणाले, "तेवढं एक सोडून बाकी सगळं करतो."