मानेपर्यंत पाण्यात

तो बुडत होता आणि मी तरंगत होते. इतक्या साध्या फरकातून आमची ओळख झाली.

शहरातल्या पोहण्याच्या जुन्या बंदिस्त तलावाचं उथळ टोक, जाळीतले पिवळट दिवे, आणि काचेच्या छतावर दिवसभर रेंगाळणारं राखाडी आभाळ. संध्याकाळचा वर्ग डॉक्टरांनी पाठवलेल्यांचा होता. मी गुडघ्यांसाठी आले होते, तो कंबरेसाठी. शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात कायम शिट्टी असे, आणि बोलण्यापेक्षा त्या तीच जास्त वाजवत. त्यांनी सगळ्यांना पाठीवर पडून हात पसरायला सांगितलं. मी पडले, आणि पाण्याने मला अलगद उचलून धरलं. शेजारचा काटकुळा माणूस पाठीवर पडला आणि टेबलावरून चमचा घसरावा तसा पायाकडून सरळ खाली गेला. नाकातोंडात पाणी जाऊन खोकत वर आला.

"तुम्ही नेमकं काय करता?" त्याने विचारलं.

"काहीच नाही."

"तेच मला जमत नाहीये."

मला हसू आलं. पण प्रश्न अर्धा सोडून देणं माझ्या स्वभावात नाही. "तुमच्या अंगात चरबी कमी आहे," मी म्हटलं. "चरबी पाण्यापेक्षा हलकी असते. हाडं आणि स्नायू जड."

"म्हणजे मी जड?"

"पाण्याच्या हिशेबाने."

"आणि तुम्ही… हलक्या."

तो हे अगदी सहज म्हणाला. मी मान वळवून भिंतीवरच्या फरशा बघत राहिले. हलकी… मला असं कोणी म्हटल्याला किती वर्षं झाली असतील, आठवेना.

शिट्टीबाईंनी पहिल्याच आठवड्यात आमची नावं ठेवली. "बूच आणि नांगर, गप्पा नंतर. इकडे लक्ष द्या." वर्ग हसला. नांगर म्हणजे जहाजाचा, हे त्याने मला उगाचच समजावून सांगितलं, आणि मी उगाचच ऐकून घेतलं.

मी एका प्रयोगशाळेत रक्त तपासते. माझ्या वयाच्या बायका रिपोर्ट न्यायला येतात आणि खिडकीपाशी रेंगाळतात. "काही खात नाही हो मी, तरी बघा ना…" मी त्यांना सांगते, की पाळी थांबायच्या सुमारास एक संप्रेरक कमी होतं. मांड्यांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. स्नायू थोडेथोडे झिजतात, आणि मग तेवढ्याच जेवणातलं शरीर जास्त साठवायला लागतं. यात तुमची चूक नाही. त्या मान हलवतात आणि जरा सैल होऊन जातात. मला मात्र या माहितीचा काडीइतकाही उपयोग झाला नाही. माझ्या नवऱ्याने मला कधी टोमणा मारला नाही. तो फक्त खोलीतला दिवा आधी घालवायला लागला. पुढे तो वेगळा राहायला गेला तेव्हाही भांडण झालं नाही. पण दिवा घालवल्याचा तो आवाज — खट् — माझ्या अंगात कुठेतरी राहिला.

म्हणून तलावावर मी एक पद्धत ठेवली होती. कोणी यायच्या आत मी पाण्यात उतरलेली असे, आणि सगळे गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. पायऱ्यांपासून टॉवेलच्या खुंटीपर्यंतचं ते ओलं, उघडं अंतर त्याच्यासमोर चालायचं नाही, एवढंच. पाण्यात मी कोणीही असू शकत होते.

आणि पाण्यात आम्ही खूप बोलायचो.

"लिफ्टमध्ये पाटी असते ना, सहा माणसं म्हणून?" एकदा तो म्हणाला. इमारतींमध्ये लिफ्ट बसवणं हे त्याचं काम होतं. "त्यात एक माणूस म्हणजे अडुसष्ट किलो धरतात."

"मी त्यात बसत नाही."

"मीही नाही. मी कमी भरतो." तो कठडा धरून पाय मारत होता, आणि जागच्या जागीच राहत होता. "पण तुम्ही आणि मी मिळून बरोबर दोन माणसं होतो. कायद्याने."

"कायदा कशाला मध्ये आणताय?"

"आणावा लागेल, असं वाटायला लागलंय…"

शिट्टी वाजली. त्या दिवशी मी पाय मारायचे विसरले, आणि तरीही बुडाले नाही.

वर्ग संपला की तो अंग पुसत काठावर थांबायचा. "बाहेर कॉफीचं मशीन आहे. येताय?"

"तुम्ही व्हा पुढे. मी अजून थोडी पोहते."

तो जायचा. मी पाण्यातच राहायची. दात वाजायचे, बोटांची टोकं सुरकुतून पांढरी पडायची. मी बाहेर येईपर्यंत व्हरांडा रिकामा झालेला असायचा. एकदा मशीनवर झाकण लावलेला कप दिसला. माझ्यासाठीच असणार. कॉफी पार गार झाली होती. मी ती तिथेच उभ्याने पिऊन टाकली.

एका संध्याकाळी तो माझ्याशेजारी कठड्याला टेकला. नेहमीसारखा हसला नाही.

"एक विचारू? इथे तुम्ही इतकं बोलता. बाहेर मात्र येतसुद्धा नाही. मी दोन कप घेऊन उभा राहतो आणि शेवटी दोन्ही मीच पितो. मग रात्री डोळा लागत नाही."

"मग एकच घेत जा."

"थट्टा नका करू," तो म्हणाला. "लिफ्टवाल्याबरोबर कोणी बघेल, असं आहे का?"

"छे, काय बोलताय."

"मग घरी कोणी आहे?"

"आई आहे."

"आईला मी घाबरत नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. वाक्य तयारही होतं — मला तुमची लाज नाही वाटत, माझी वाटते. पण ते ओठांपर्यंत आलं आणि मी म्हटलं, "मला अजून थोडं पोहायचंय."

"बरं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मिटलं. त्यानंतर तो माझ्याशी फक्त पाण्याच्या तापमानाबद्दल बोलू लागला.

महिनाअखेर शिट्टीबाईंनी सांगितलं, की तलाव दुरुस्तीसाठी बंद होणार. सगळ्या फरशा उखडायच्या आहेत, परत कधी भरेल सांगता येत नाही. शुक्रवारचा वर्ग शेवटचा. नांगर म्हणाला, त्याला सोयीचंच आहे. सोमवारपासून त्याचं काम दुसऱ्या शहरात आहे, उंच इमारत, वर्ष तरी जाईल. हे तो शिट्टीबाईंना सांगत होता. मी ऐकावं म्हणून असेल, किंवा नसेलही.

शुक्रवारी सकाळी मी आईला आंघोळ घालत होते. आई आता चिमणीएवढी झाली आहे. काखेत हात घालून उचलली तर हातात हाडं लागतात. माझ्या वयाची होती तेव्हा ती माझ्याहूनही भरलेली होती. आता दर महिन्याला तिचा गाऊन मोठा होत जातो.

"माझं उतरतंय, तुझं चढतंय," ती म्हणाली. "घरातलं एकूण तेवढंच राहतंय बघ."

"आई, हात वर कर."

"हसत का नाहीस? विनोद केला मी."

तिचे केस पुसताना माझी नजर उघड्या दारातून बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवरच्या फोटोंकडे गेली. आम्ही भावंडं, बाबा, समुद्रकिनारा, शाळेचं बक्षीस. तरुण आई एका फोटोत होती. त्यानंतर नव्हतीच.

"आई, मधल्या वर्षांतला तुझा एकही फोटो कसा नाही?"

"मीच काढायची ना सगळ्यांचे."

"तरी एखादा?"

ती म्हणाली, "मला वाटायचं, जरा बारीक झाले की काढू. तुझे बाबा मागे लागायचे, ये गं, उभी राहा. मी म्हणायची, नंतर. ते गेले, तरी माझं आपलं नंतरच." तिने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. "आता झालेय बारीक. काढतेस?"

मी टॉवेल घट्ट पिळला. थेंबही पडला नाही.

शेवटच्या वर्गाला जेमतेम चार-पाच जण आले. शिट्टीबाईंनी सगळ्यांशी हात मिळवले आणि त्या दिवे कमी करायला निघून गेल्या. नांगर पाण्यातून निघाला, अंग पुसलं, टॉवेल खांद्यावर टाकला. आज त्याने कॉफीचं विचारलं नाही.

"येतो," तो म्हणाला. "तुम्ही पोहा. आज गर्दी नाहीये."

"थांबा."

तो थांबला, पण पाठमोराच.

"वळा इकडे," मी म्हटलं. "नीट बघा. मी बाहेर येतेय."

मी कठडा धरला. पहिल्या पायरीवर पाणी छातीपर्यंत आलं, दुसरीवर कमरेपर्यंत, आणि मग माझं सगळं वजन एकदम परत माझ्यावर आलं. गुडघे करकरले. पोट, मांड्या, पोहण्याच्या कपड्याच्या काठाशी उमटलेले लाल वळ, दंडांवरची लोंबती कातडी — बायकांना खिडकीतून समजावून सांगते ते सगळं मी त्याच्यासमोर घेऊन चालत होते. ते अंतर संपेना. त्याने नजर खाली घातली नाही, रोखूनही धरली नाही. मी पोचेपर्यंत तो नुसता बघत उभा होता.

"एवढी आहे मी," मी म्हटलं. "म्हणून येत नव्हते. तुमच्यामुळे नाही."

त्याच्या कपाळावर आठी आली.

"तुम्ही तर… उंच आहात."

"काय?"

"माझ्याएवढ्या आहात. मला वाटायचं, अगदी बुटक्या असाल."

मग मला उमगलं. उथळ पाण्यात मी कायम गुडघे वाकवून उभी राहायची, मानेपर्यंत बुडून. या माणसाने आजवर पाण्याबाहेर माझं फक्त डोकं पाहिलं होतं, आणि तेवढ्यावरच तो रोज दोन कप घेऊन उभा राहत होता. मी हसायला लागले, आणि मध्येच ते हसू रडण्यात गेलं. थांबवता येईना.

"सोमवारी जातोय मी," तो हळूच म्हणाला. "आधी सांगितलं असतंत तर…"

"माहीत आहे."

"वर्ष फार मोठं असतं."

"तेवढ्यात मी आणखी थोडी वाढेन."

"वाढा," तो म्हणाला. "मला काय, लिफ्ट मोठी बसवता येते."

मागे शिट्टीबाईंनी तलावाचा निचरा उघडला असावा. पाणी खोल कुठेतरी गुरगुरत उतरू लागलं. मला हुडहुडी भरली होती. त्याने खुंटीवरचा माझा टॉवेल काढला आणि माझ्या पाठीवरून पुढे आणला. टॉवेल पुरला नाही. दोन्ही टोकांमध्ये वीतभर अंतर राहिलं. मी संकोचून तो ओढायला गेले, तशी त्याने दोन्ही टोकं आपल्या मुठींत धरली, आणि मधल्या उघड्या जागेवर आपले गार हात तसेच ठेवून तो उभा राहिला.