गोणीवरच्या पणत्या

"तुझ्या डिंकातच खोट आहे," मालू म्हणाली आणि तिने डागाळलेलं दिवाळीचं कार्ड नियाजच्या पुढ्यात आपटलं.

कार्डावरच्या निळ्या पणत्या आजही पसरल्या होत्या. बटाट्याचे ठसे सुकून आक्रसायचे, म्हणून नियाजने वडिलांच्या सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणली. तिच्यातून पणती कापली, लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवली. शाई घरचीच, कपड्यांची नीळ आणि बाभळीचा डिंक. ठसा एवढा सुबक उठायचा की मालूची धाकटी बहीण शकू नाचायलाच लागायची! मग कार्डं मालूच्या बाबांच्या मिठाच्या वखारीत गोण्यांवर सुकायला ठेवायची. तिथे वारा नाही, शेळ्या नाहीत. आणि सकाळी बघावं तर नुसता राडा.

उद्या दुपारी नियाजचे अमजदमामू एस.टी.ने मुंबईला निघणार होते. मालूचा मोठा भाऊ रामूदादा तिथे बोटीवर खलाशी. त्याची घराबाहेरची पहिली दिवाळी, आणि बोट सुटायच्या आत कार्ड मामूच पोचवणार होते.

"खुदा कसम, डिंक चांगलाय," नियाज म्हणाला. "तुलाच ठसा मारता येत नाही."

दोघं भांडत राहिली. शकू मात्र कार्ड डोळ्यांजवळ धरून बसली होती.

"ताई, हे डाग गोल आहेत. थेंब पडल्यासारखे."

पाऊस कधीच संपला होता, कौलं धड होती. म्हणजे वखारीत कुणीतरी पाणी शिंपडत होतं! मालू धावत बाबांकडे गेली. भगवानशेठनी मान वर केली नाही. दमट हवेत मिठाच्या गोणीला घाम येतोच, आम्हाला कामं करू द्या, एवढंच म्हणाले. वखारीची किल्ली सांभाळणारा विठू मुकादम हसला आणि म्हणाला, भुतं येत असतील.

मालूच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सांगून कुणी बघायलाही तयार नाही!

मग नियाजलाच युक्ती सुचली. उरलेली सगळी नीळ कोरडीच गोण्यांवर भुरभुरायची. धुळकट तागावर ती दिसत नाही, पण पाणी लागलं की पसरते. मालूने कुरकुरत पुडी दिली, कारण मग ठशांना शाई उरणार नव्हती. दुकानातली नीळ दिवाळीच्या धुण्यात संपली होती.

सकाळी व्यापाऱ्याची गाडी आली. पहिली गोणी काट्यावर चढली आणि सगळे बघतच राहिले. गोणीभर निळे थेंब! दुसरीवरही तेच. विठूची बोटंही निळी झाली होती.

"घाम आलाय, शेठ," विठू म्हणाला.

"घाम आतून येतो, मुकादम," नियाज म्हणाला. "हे वरून पडलंय."

भगवानशेठनी गोणीत हात घातला. वरचं मीठ ओलंगच्च होतं. मग विठूला बोलावंच लागलं. गोण्यांतलं मीठ काढून तो परस्पर विकायचा आणि वजन पाण्याने भरून काढायचा. शेठनी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली.

"तुमी सांगत व्हता, मीच आयकलं नाय," ते मुलांना म्हणाले. "शाबास रे पोरांनो." व्यापाऱ्यानेही तिघांच्या पाठी थोपटल्या.

मालू तशीच फुगलेली. शाबासकीने काय होणार? शाई नाही, आणि दुपारी एस.टी. सुटणार.

तेवढ्यात शकूने ठोकळा उचलला, ओल्या निळ्या गोणीवर दाबला आणि कोऱ्या कार्डावर मारला. पणती उठली! फिकट, पण रेष न् रेष स्पष्ट. मालूने ठोकळा हिसकावलाच. ठसा, परत गोणी, परत ठसा. आज कार्डं ओट्यावर उन्हात वाळत घातली.

वाळल्यावर तिघंही कार्डांवर वाकली. पणत्या चमचमत होत्या. खारं पाणी उडून गेलं होतं आणि मिठाचे बारीक कण कागदाला धरून बसले होते.

अमजदमामू पिशवी घेऊन दारात उभेच होते. भगवानशेठनी कार्ड उन्हात तिरकं धरून कितीतरी वेळ बघितलं.

"आपल्या आगराचं मीठ हाय ह्यावर," ते म्हणाले. "रामूला सांगा अमजदभाय, घरची आठवण आली तर बघ. चाटू नको."